युवक मंडळात नेतृत्व घडवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरात युवक मंडळांना तोटा नाही. गणेशोत्सव, शिवजयंतीचा चित्ररथ, गावचे साहित्य संमेलन, श्रमदान असे काही ना काही वर्षभर चालूच असते, आणि ‘तरुणांमधून नेतृत्व घडले पाहिजे’ हे वाक्य प्रत्येक व्यासपीठावरून एकदा तरी कानी पडते. प्रत्यक्षात ते कसे घडत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता लिहून ठेवलेले बरे.

सर्वांत मोठी चूक मी स्वतः केलेली आहे. मुलांवर सोपवलेले काम अडखळले की मोठी माणसे ते ताबडतोब हातात घेतात. खानापूर तालुक्यातील एका गावी डिसेंबरमध्ये आमचे ६० जणांचे निवासी शिबिर होते आणि स्वयंपाक चार मुलामुलींकडे दिला होता. दुसऱ्या रात्री त्यांनी अंदाजाने ४ किलो तांदूळ शिजवला आणि दुसरी पंगत बसते न बसते तोच पातेल्याचा तळ दिसू लागला. मी लगेच खानापुरातील ओळखीच्या खानावळीत फोन करून पुलाव मागवला. वेळ निभावली म्हणून मी स्वतःवर खूशही होतो. मात्र दुसऱ्या सकाळपासून ते चौघे पोह्यात मीठ किती घालायचे हेही मला विचारू लागले आणि शिबिर संपेपर्यंत विचारतच राहिले.

पुढच्या वर्षी भात पुन्हा कमी पडला, तेव्हा मी शाळेच्या पायरीवर बसून राहिलो. बसवत नव्हते, हे कबूल करतो. स्वयंपाकगटातील अकरावीची एक मुलगी दारात आली, माझ्याकडे बघून काही क्षण थांबली आणि आत जाऊन तिने सकाळच्या न्याहारीचे पोहे भिजवायला घेतले. जेवण उरकायला साडेनऊ वाजले आणि काहींनी कुरकुर केली. त्याच रात्री तिने हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले : ‘माणशी तांदूळ १०० ग्रॅम, ६० जणांना ६ किलो, वर १ किलो.’ ते पान आम्ही अजून वापरतो. तेव्हापासून गॅस, विहीर आणि रात्रीचा प्रवास एवढे सोडले, तर सोपवलेल्या कामाला मी हात लावत नाही. काम मात्र पैशासकट आणि पूर्ण देतो.

आपण मुलांना टिळकवाडीतील काँग्रेस विहीर दाखवतो आणि १९२४ च्या बेळगाव अधिवेशनाचे अध्यक्ष महात्मा गांधी होते, हे अभिमानाने सांगतो. ती विहीर अधिवेशनाला आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी खोदली गेली होती, आणि डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी आदल्याच वर्षी काकीनाडा येथे उभारलेल्या हिंदुस्थानी सेवादलाचे स्वयंसेवक येथे राबत होते, हे सांगायचे मात्र राहून जाते. पाणी, पंगत आणि मुक्काम सांभाळण्याच्या कामाला आजची मुले कमीपणाचे समजतात, त्याचे एक कारण हेही असावे.

दुसरी चूक खास आपल्या सीमाभागातली आहे. ग्रामपंचायतीत किंवा पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज कन्नडमध्ये लिहायचा असतो, म्हणून तो कोणा जाणत्या काकांकडून लिहून घेतला जातो आणि मराठी माध्यमातील मुले फक्त सही करतात. असा एक अर्ज घेऊन आमची मुले गेली असता पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) मैदान कोणत्या तारखेला हवे एवढेच विचारले, आणि स्वतःच्याच अर्जातील तारीख कोणालाही वाचता येईना. मराठीवरील प्रेम आणि कन्नड लिहिता येणे यांचा आपसात काहीही झगडा नाही. आता अर्ज मुलेच लिहितात, कन्नड माध्यमातील मित्राला शेजारी बसवून लिहितात, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय परत येत नाहीत.

माइकवर छान बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच बैठकीत अध्यक्ष करू नये. आमच्याकडे पहिले सहा महिने कोणालाच पद नसते. मुलींना रांगोळी आणि स्वागतापुरते बोलावणेही बंद करावे. फ्लेक्सवर निम्मी वर्गणी घालवणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

‘दोन दिवसांत नेतृत्व’ असली प्रमाणपत्रासह मिळणारी शिबिरे तर मला अजिबात मानवत नाहीत. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतही दोन वर्षांत २४० तासांचे काम अपेक्षित असते, शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते. तरीही पहिल्याच महिन्यात ‘सर, आम्हाला भाषण कधी?’ असे विचारणारा एक तरी भेटतोच. त्याला मी पावतीपुस्तक देतो.

जमाखर्च मुलांनी गावासमोर वाचावा आणि मोठ्यांनी तो आधी गुपचूप दुरुस्त करू नये. गेल्या खेपेस २३० रुपयांचा मेळ बसत नव्हता. मुलाने अडखळत का होईना, तसेच वाचून दाखवले. तेव्हा मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “अरे, जळणाचे पैसे तू मलाच दिलेस की, लिहायचं राहिलं वाटतं.”