खाऱ्या हवेतल्या गाडीचा जाम सेन्सर काढताना

मिरकरवाड्याला किंवा हर्णैला मासे भरणारी पिकअप आणि मुंबईकराच्या घरामागे माडाखाली वर्षभर उभी असलेली जुनी गाडी, या दोघींचे सेन्सर हमखास जाम मिळतात. पहिलीवर बर्फाचं खारं पाणी ठिबकत असतं. दुसरीचं इंजिन तापतच नाही, त्यामुळे पावसात शिरलेली ओल बोनेटखालीच राहते. आणि ही दुसरी आपल्याकडे येते ती नेमकी गणपतीच्या आठवड्यात, ‘उद्या निघायचंय’ म्हणत. गॅरेजमध्ये नव्याने लागलेल्या मुलांनी दोन गोष्टी आधीच पक्क्या कराव्यात. जाम सेन्सर एका दिवसात काढून देतो, असा शब्द गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. आणि नवा सेन्सर, नवी ओरिंग (सेन्सरभोवतीची रबरी सील) हातात आल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही. जुना तुटणार हे धरूनच चालायचं.

क्रँक आणि कॅम सेन्सर म्हणजे इंजिनातले हे दोन दांडे कुठवर फिरलेत ते सांगणारे. त्यांना बोल्ट बहुधा एकच, एम६ (सहा मिमी आट्यांचा), दहाच्या पान्याचा. पण सेन्सर अडकतो तो बोल्टमुळे नाही, भोकात. ब्लॉक किंवा हेड बहुधा ॲल्युमिनियमचं. खार आणि ओल लागली की त्यावर पांढरी पूड धरते. ही पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि सेन्सर-भोकामधली केसभर फट ठासून भरते. ओरिंगच्या वरचा भाग बाहेरच्या हवेला उघडा, म्हणून आवळही तिथेच. सेन्सरची बॉडी प्लास्टिकची. बोल्ट जातो त्या कानाखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की कान हातात येतो आणि भोकातली खुंटी आत राहते.

काढण्याआधी सेन्सरच गेलाय का, ते बघा. स्कॅनरवर दिसणारे क्रँकचा पी ०३३५ आणि कॅमचा पी ०३४० हे बिघाडाचे कोड अख्ख्या सर्किटचे आहेत, नुसत्या सेन्सरचे नाहीत. किनाऱ्यावरच्या गाडीत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात, कधी वायर आतून काळी पडून तुटलेली असते. पिना साफ करा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. चुंबकी प्रकारचा दोन वायरचा क्रँक सेन्सर मल्टीमीटरवर साधारण काहीशे ओहम ते हजाराच्या आसपास दाखवतो. मीटर हललाच नाही तर कॉइल तुटली. तीन वायरचा बहुधा हॉल सेन्सर (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) असतो, त्याला ओहमवर तपासू नका. सप्लाय, अर्थ आणि सिग्नल बघा. या अर्ध्या तासात कितीतरी वेळा सेन्सर काढायची गरजच उरत नाही.

काढायचाच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि आदल्या संध्याकाळी तेल सोडा. रस्टोलीन, डब्ल्यूडी-४०, जे मिळेल ते. पण आधी वायर ब्रशने कडेची पूड आणि जांभ्याची लाल माती खरवडा, नाहीतर तेल वरच राहतं. बोल्टच्या बुडाशी आणि सेन्सरच्या कडेने चार-पाच थेंब पुरतात. सकाळी बोल्टच्या डोक्यावर पितळी पंच ठेवून हलके ठोके द्या. सहा कोनांचं सॉकेट आणि छोटी रॅचेट घ्या, लांब दांडी नको. आधी किंचित आवळा, मग सोडा. थोडा सुटला की परत आवळून तेल द्या, पुन्हा सोडा. बोल्ट फिरतोय पण हाताला मऊ लागतोय, म्हणजे तो सुटत नाही, पिळला जातोय. तिथेच थांबा.

आता मुख्य काम. सेन्सर वर ओढायचा नाही, जागच्या जागी फिरवायचा. कनेक्टरची बाजू न धरता बुडाशी प्लायरने धरा आणि डावी-उजवीकडे जेमतेम पाच अंश फिरेल एवढाच जोर लावा. हलला नाही तर कानाच्या कडेला लाकडाचा तुकडा लावून आडवा हलका ठोका, एकदा या बाजूने, एकदा त्या. पूड तुटली की ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि कडेतून दुधाळ तपकिरी तेल वर येतं. ते दिसलं की सेन्सर अख्खा निघणार. पुन्हा तेल, पुन्हा फिरवणं. मोकळा फिरायला लागल्यावरच फिरवत फिरवत वर घ्या. ब्लोटॉर्च इथे नकोच. प्लास्टिक ॲल्युमिनियमपेक्षा जास्त फुगतं, आवळ उलट वाढतो, आणि शेजारी पेट्रोलची लाइन असते.

खुंटी आत राहिलीच तर ती आत ढकलू नका. खाली दातेरी चकती, फ्लायव्हील किंवा कॅम फिरतो. तुकडा पडला तर इंजिन उघडावं लागेल. ३ मिमी ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावून हळू भोक पाडा, चुरा ग्रीसला चिकटतो. भोक उथळ ठेवा. त्यात लाकडाचा जाड आट्यांचा स्क्रू फिरवा, डोकं व्हाइस ग्रिपमध्ये धरा आणि पिळत ओढा. स्क्रू फार जाड घेतला तर प्लास्टिक फुगून आणखी घट्ट बसतं.

आट्यांच्या सेन्सरची गोष्ट वेगळी. ऑक्सिजन सेन्सर बहुतेक गाड्यांत बावीसच्या पान्याचा, आटे एम१८. तो सायलेन्सर गरम असताना, वायरसाठी खाच असलेल्या सॉकेटने सोडावा. बसवताना ४० ते ५० न्यूटन-मीटर. अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला नाही, आणि नव्या सेन्सरला कंपनीनेच लावलेलं असेल तर वरून लावू नका. कूलंटचा टेम्परेचर सेन्सर मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच. पितळ मऊ असतं, डोकं लगेच गोल होतं.

घाई होते ती बसवताना. भोकात दोरा बांधलेली तेलाची चिंधी खोचा, ४०० नंबरचा पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून आत गोल फिरवा. सेन्सरचा कान टेकतो ती सपाट जागाही चकचकीत करा. तिथे पूड राहिली तर सेन्सर तेवढा वर बसतो. आतला गॅप मुळात एक मिलिमीटरच्या आसपासचा, तो वाढला की सिग्नल कमजोर होतो आणि नवा सेन्सर लावूनही गाडी स्टार्टला रडते. ओरिंगला इंजिन ऑइल, ओरिंगच्या वरच्या भागाला वॉटरप्रूफ ग्रीसचा पातळ हात. सेन्सर हाताने दाबून पूर्ण बसला पाहिजे, बोल्टने खेचून बसवायचा नाही, कान तडकतो. बोल्ट नवा घ्या, ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. कनेक्टरच्या रबरी सीलला डायलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं) लावा, आणि वायर मूळ क्लिपमध्येच अडकवा, म्हणजे खारं पाणी वायरीवरून ओघळत कनेक्टरमध्ये उतरणार नाही.