सक्युलंटवर मावा पडलाय? औषध मारायच्या आधी या चुका टाळा

सक्युलंटवर, म्हणजे जाड रसदार पानांच्या झाडावर, मावा ही बारीक कीड दिसली की बहुतेक जण पहिले किचनमध्ये पळतात. भांड्यांचं लिक्विड, हळद, हिंग, व्हिनेगर, सोसायटीच्या ग्रुपवर कोणी जे सांगेल ते पाण्यात कालवायचं आणि फसाफसा मारायचं. मग आठवड्याभरात झाड गळालं की नाव माव्याचं. खरं सांगू का, घरातलं धडधाकट सक्युलंट माव्याने सहसा मरत नाही. मावा रस पितो, कोवळी पानं वाकडी होतात, झाड चिकट होतं, फुलांचा दांडा वाया जातो, बस. झाड जातं ते आपल्या उपायांनी, आणि जून ते सप्टेंबर ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहत असाल तर ते फारच पटकन जातं कारण या हवेत ओलं झालेलं सक्युलंट सुकतच नाही.

त्यामुळे आधी नीट बघा की तो मावाच आहे का. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर तो मावा नाही, ते मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, त्यांचं प्रकरण वेगळं. मावा बारीक असतो, एक ते तीन मिलिमीटर, हिरवा, काळा किंवा पिवळा, अंगाने मऊ आणि एकमेकांना खेटून बसलेला. मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा, पाठीमागच्या टोकाला दोन बारीक नळ्या दिसल्या की समजा मावाच. एचेव्हेरिया, हॉवर्थियाला फुलाचा दांडा आला की तो आधी त्या दांड्यावर चढतो, नाहीतर मधल्या नवीन पानांत लपतो. अडेनियमवर किंवा होयावर पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा दिसला तर तो कण्हेरीवर आणि रस्त्याकडेच्या रुईवर असतो तोच, ही सगळी झाडं एकाच कुळातली आहेत.

अजून एक गंमत, गंमत कसली वैतागच. मावा मेल्यावर पण झाडावर पांढरे पांढरे कण चिकटून राहतात. ती त्याची कात असते, मावा वाढताना कात टाकतो आणि ती त्याच्याच चिकट्याला, म्हणजे तो सोडतो त्या गोड चिकट द्रवाला, चिकटते. लोकांना वाटतं आता पांढरी माशी आली, म्हणून परत फवारणी. ओल्या ब्रशने पुसा, हललं नाही, चाललं नाही, तर ती कात आहे, विषय संपला.

आता साबण. मोगऱ्यावर, जास्वंदीवर साबणाचं पाणी ठीक आहे, पण सक्युलंटचं तसं नाही. एचेव्हेरिया, घोस्ट प्लांट यांच्या पानांवर जो भुरका पावडरसारखा थर असतो तो मेणाचा असतो, उन्हापासून आणि पाण्यापासून पानाला तोच वाचवतो. साबणाने, तेलाने, नुसत्या बोटाने सुद्धा तो निघतो आणि त्या पानावर परत नीट येत नाही, नवीन पानं येईपर्यंत झाड डागाळलेलंच दिसतं. जेड तर साबण आणि तेल दोन्हीला नाजूक, पानं डागाळतात, गळतात. आणि भांड्यांचं लिक्विड हा मुळात साबणच नाही, डिटर्जंट आहे, त्यात सेंट आणि रंग वेगळेच. अगदी वापरायचंच असेल तर झाडांसाठीचा पोटॅशियमवाला साबण घ्या, तो पण आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबा.

कडुलिंबाच्या तेलाचं पण तेच. लोक सकाळी तेल मारतात आणि कुंडी परत पश्चिमेच्या खिडकीत ठेवतात, दुपारी तीननंतर तिथे जे ऊन येतं त्यात तेल लागलेलं पान अक्षरशः भाजतं. मारायचंच तर संध्याकाळी, आणि पुढचे दोन दिवस झाड उन्हाबाहेर. तरी माझं मत विचाराल तर भुरकट पानांच्या झाडावर तेल नकोच.

मग करायचं काय? आधी ती कुंडी बाकीच्यांपासून लांब करा. पावसाळ्यात ग्रिलमधली सगळी झाडं आत घेऊन एकाच कट्ट्यावर पानाला पान लावून ठेवतो ना आपण, तिथेच तो या झाडावरून त्या झाडावर जातो. फुलाचा दांडा भरलेला असेल तर जीव न अडकवता कापा आणि पिशवीत बांधून टाका, अर्धं काम तिथेच होतं. उरलेल्यांसाठी कुंडी सिंकवर आडवी धरायची, माती हाताने दाबून धरायची आणि बारीक धारेने पानं धुवायची. मऊ पेंटिंग ब्रशने बेचके साफ करायचे. मग झाड उलटं करून झटकायचं, मधल्या पानांत अडकलेलं पाणी टिश्यूच्या टोकाने टिपायचं आणि कुंडी दोन तास पंख्याखाली. हे टिपायचं काम लोक विसरतात, आणि मधोमध पाणी साचून झाड आतून सडतं. त्या आठवड्यात कुंडीला वेगळं पाणी घालू नका.

जे चिवट चार-पाच उरतील त्यांना 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये मिळतं, इअरबडवर घेऊन फक्त किड्याला टेकवायचं, पानभर फासायचं नाही. देवघरातला दिवा किंवा गॅस चालू असताना तर अजिबात नाही. सॅनिटायझरची जेल चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि पान चिकट होऊन बसतं.

आणि एकदा केलं की झालं असं समजू नका. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात, ते पिल्लू साधारण आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः पिल्लं घालायला लागतं. एक सुटला तरी परत पहिले पाढे पंचावन्न. चार-पाच दिवसांनी परत बघा, असं तीन आठवडे.

मुंग्या दिसत असतील तर आधी मुंग्या. माव्याचा गोड चिकटा त्यांना हवा असतो म्हणून त्या त्याला सांभाळतात, त्याच्या शत्रूंना हाकलतात. कट्ट्यावर मुंग्यांचा खडू ओढा, लहान मुलं असतील तर ते पण जपून. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवायचा सल्ला मिळेल, पावसाळ्यात तो ऐकू नका, डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेचे लोक तपासायला आले की पहिल्या ताटल्याच बघतात.

तंबाखूचं पाणी तर घरात आणूच नका. निकोटिन कातडीतून पण अंगात जातं, नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी नाही. कृषी सेवा केंद्रातून रोगर हे कीटकनाशक आणून वन बीएचकेच्या हॉलमध्ये मारणाऱ्यांना काय बोलायचं, ते शेतात मारायचं औषध आहे हो. ग्रिलमध्ये काळ्या-केशरी, काटेरी दिसणाऱ्या अळ्या फिरताना दिसल्या तर मारू नका, ती लेडीबर्डची पिल्लं असतात आणि मावाच खातात.

मावा येतो कुठून? उघड्या खिडकीतून पंखवाला येतो, शेजारच्या मिरचीवरून येतो, हिवाळ्यात शेवंतीवरून हमखास. घोडबंदर रोडच्या नर्सरीतून आणलेलं झाड दोन आठवडे वेगळं ठेवा, मगच बाकीच्यांत. आणि खताचा मारा थांबवा, महिन्याला 19:19:19 हे खत दिलं की नायट्रोजनने पानं लुसलुशीत होतात, त्यात घरातला उजेड कमी, असं झाड म्हणजे माव्याला आयतंच जेवण.

एवढं करून वरती काही दिसत नाही पण झाड सुस्त आहे, पानं सुरकुतलीत, तर कुंडीतून काढून मुळं बघा. मुळांवर पण मावा असतो, पांढरट मेणकट थर दिसतो, त्यातच मिलीबग पण असू शकतात, इलाज दोघांना तोच. माती पूर्ण झाडा, मुळं धुवा, सडकी कापा, तीन-चार दिवस सावलीत सुकवून मग मातीच्या नवीन कोरड्या मिश्रणात लावा. मुळं फारच गेली असतील तर वरचा चांगला शेंडा कापून तोच लावा. जुनी माती मात्र दुसऱ्या कुंडीत ढकलू नका, तुळशीच्या सुद्धा.