अर्थिंगचं रीडिंग मे महिन्यात घ्या

आयटीआयला पाइप अर्थिंगची, म्हणजे गळतीचा करंट जमिनीत उतरवणाऱ्या पाइपाच्या खड्ड्याची, आकृती इतक्यांदा काढली होती की मीठ-कोळशाचे थर झोपेतही सांगितले असते. खरा खड्डा मात्र नोकरी लागल्यावरच पाहिला, नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात. झाकण गंजलेलं, पाणी ओतायच्या फनेलमध्ये खर्र्याच्या पन्न्या.

मे महिना, पारा 45 च्या वर. पंपाची मोटर किती तापली ते बघायला हात पुढे केला, तर मागून वायरमन काका ओरडले, "काय करून राहिला बे? आधी टेस्टर लाव!"

लावला. पेटला.

मेन बंद करून टर्मिनल बॉक्स उघडला. केबल घट्ट धरणारा ग्लँड नव्हताच; पत्र्याच्या कडेला घासून केबलचं इन्सुलेशन गेलेलं. मोटरला दोन स्वतंत्र अर्थिंग लागतात, तशा दोन पट्ट्या होत्याही. त्यातली एक चक्क रंगावर कसलेली. बोल्ट घट्ट, पण खालच्या रंगामुळे संपर्क शून्य. लग, म्हणजे पट्टीचं बोल्टखाली येणारं टोक, लावण्याआधी ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत करायची, हे त्या दिवशी कळलं.

दुसरी पट्टी खड्ड्याला नीट जोडलेली होती. रजिस्टरमध्ये खड्ड्याचं रीडिंग, म्हणजे करंट जमिनीत उतरताना होणारा अडथळा (रेझिस्टन्स), 2 ओहम, तारीख ऑगस्टची. पट्टी सोडून अर्थ टेस्टर (हा रेझिस्टन्स मोजणारं मीटर) लावला तर 18! आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाभोवतीची ओल जाते, रेझिस्टन्स चढतो. आता 230 व्होल्टला 18 ओहमने भागा. जेमतेम 13 अँपिअर. एवढ्यावर 32 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ट्रिप होत नाही. बॉडीत करंट, पॅनल मात्र शांत. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (थोडाही करंट गळला की पडणारा स्विच) असता तर लगेच पडला असता. कुणीतरी 'सारखा पडते' म्हणून तो बायपास केला होता. सारखा पडतो म्हणजे कुठेतरी लीकेज आहे, ते शोधायचं सोडून!

नव्याने लागलेल्या पोरांना मी दोनच गोष्टी बजावतो. मेन पाडल्यावर स्वतःचं कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. नुसत्या 'काम चालू आहे' पाटीचा भरवसा नाही. आणि लाईन मेली का ते तपासण्याआधी टेस्टर चालू पॉइंटवर पेटवून बघा, काम झाल्यावर पुन्हा एकदा. टेस्टरच बिघडलेला असेल तर तो कधीच पेटणार नाही.

काकांनी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं. संध्याकाळी रीडिंग 6 वर आलं. रजिस्टरमध्ये त्यांनी दोन्ही आकडे लिहायला लावले, 18 सुद्धा.