लांब-अरुंद बाथरूमचे नूतनीकरण : मापापासून सिलिकॉनपर्यंत

अरुंद बाथरूमची रुंदी वाढवता येत नाही. कोणती वस्तू भिंतीपासून किती पुढे येणार, एवढेच आपल्या हातात असते. फिकट रंग, आरसे, दिवे यांनी खोली मोठी भासते हे खरे. पण कमोडवर बसल्यावर गुडघे समोरच्या भिंतीला टेकत असतील, तर त्या भासाचा काय उपयोग? म्हणून टाइलचे नमुने बघायला जाण्याआधी मापे घ्या, आणि तीही मिलिमीटरमध्ये.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी १४०० मिमी रुंद आणि २८०० मिमी लांब अशी विटेपासून विटेपर्यंत मोजलेली खोली धरली आहे. तुमची मापे वेगळी असतील, पद्धत तीच राहील.

माप : विटेचे नव्हे, टाइलचे

रुंदी तीन ठिकाणी मोजा : दारापाशी, मध्यावर आणि टोकाला. प्रत्येक ठिकाणी फरशीलगत, कमरेएवढ्या आणि डोक्याएवढ्या उंचीवर. जुन्या बांधकामात भिंती समांतर नसणे नेहमीचेच आहे. पुढच्या आणि मागच्या मापात १५-२० मिमीचा फरक सहज निघतो. यातले सर्वांत लहान माप कामाचे, बाकीची विसरा.

आता त्यातून नव्या थरांची जाडी वजा करा. भिंत ओळंब्यात आणणारा गिलावा १२ ते १५ मिमी, टाइलचा अ‍ॅडहेसिव्ह ४-५ मिमी आणि टाइल ८ ते १० मिमी. म्हणजे एका बाजूला साधारण २५ ते ३० मिमी, दोन्ही मिळून ५० ते ६०. आपली १४०० मिमीची खोली वापरात १३४५ मिमी उरते, लांबी २७४५. जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवायची असेल, तर आत्ताच्या मापातून आणखी २५-३० मिमी जातील. तोडफोड वाचते हे मान्य, पण इतक्या अरुंद खोलीत जुनी टाइल काढलेलीच बरी. खालचे वॉटरप्रूफिंग नव्याने करायचे असेल तर ती काढावीच लागते.

मैल्याचा पाइप जिथे, कमोड तिथे

बेसिन आणि शॉवर हलवणे सोपे, कमोड हलवणे अवघड. मैल्याचा पाइप ११० मिमीचा असतो आणि त्याला ढाळ लागतो. ६० ला १ असा ढाळ धरला, तर कमोड उभ्या पाइपापासून १.८ मीटर दूर नेल्यावर ३० मिमी उतार, अधिक पाइपाची जाडी, अधिक वरचा कोबा. स्लॅब खाली घेतलेला नसेल तर फरशी १५० मिमीच्या आसपास उचलावी लागते. मग दारात पायरी येते आणि छताची उंची कमी होते. ढाळ कमी करून फरशी वाचवली की पाणी पुढे जाते, मैला मागे राहतो आणि तुंबणे सुरू होते.

त्यामुळे आराखडा कमोडपासून सुरू करा. त्याची जागा अर्ध्या मीटरच्या आतच सरकवा आणि शक्य तितकी वळणे टाळा.

मांडणी

दार आखूड भिंतीत असेल तर क्रम बहुतेक ठरलेलाच असतो : दारापाशी बेसिन, मध्ये कमोड, टोकाला शॉवर. तिन्ही गोष्टी एकाच लांब भिंतीला लावा म्हणजे दुसऱ्या भिंतीलगत चालण्याची सलग वाट मिळते, आणि पाण्याच्या सगळ्या लाइनी एकाच भिंतीत राहतात. बेसिन डावीकडे, कमोड उजवीकडे अशी मांडणी कागदावर समतोल दिसते. प्रत्यक्षात माणसाला नागमोडी चालावे लागते.

दार लांब भिंतीच्या मध्यावर असेल तर एका टोकाला शॉवर, दुसऱ्या टोकाला कमोड आणि दारासमोर उथळ बेसिन. दोन्ही टोकांना पाइप न्यावे लागतात, म्हणून ही मांडणी कमोडचा पाइप टोकाशीच असेल तरच घ्या.

आता आपल्या खोलीचा हिशेब. टोकाला ९०० मिमी शॉवर. ७६० मिमीत अंघोळ होते, पण वाकून पाय घासता येत नाहीत. त्यापुढे कमोडसाठी ८५० मिमी लांबी. कमोडच्या मध्यरेषेपासून कडेच्या भिंतीपर्यंत किंवा शॉवरच्या काचेपर्यंत किमान ३८० मिमी हवेत, ४५० मिळाले तर मोकळे वाटते. उरलेल्या सुमारे एक मीटरमध्ये बेसिन आणि प्रवेश. बेसिन २५० ते ३०० मिमी पुढे येणारे घ्या. नेहमीचे ४५० मिमीचे बेसिन इथे वाट अडवते. फक्त उथळ बेसिनमध्ये लांब नळ बसवू नका, धार काठावर पडून पाणी अंगावर उडते.

कमोडसमोर मोकळी जागा किमान ५३०, शक्यतो ६०० मिमी ठेवा. वॉल-हंग, म्हणजे भिंतीला टांगलेल्या, कमोडने खूप जागा वाचते असा समज आहे. हिशेब वेगळाच निघतो. भांडे ५३० मिमी पुढे येते, त्यामागे कन्सील्ड (भिंतीआड लपवलेल्या) टाकीची चौकट आणि तिचा बॉक्स १५० मिमी, एकूण ६८०. जोडटाकीचा साधा कमोड ६५० ते ७२० मिमी असतो. फरक किरकोळ. खरी बचत हवी असेल तर ४८० ते ५०० मिमीचे आखूड भांडे घ्या, किंवा टाकीची चौकट जाड विटेच्या भिंतीत खोल बसते का ते बघा. वॉल-हंगचा खरा फायदा निराळा आहे : खालची फरशी भिंतीपर्यंत सलग दिसते, झाडता-पुसता येते आणि खोली रुंद वाटते.

चौकट बसवायचीच असेल, तर कमोडमागे एकटा चौकोनी बॉक्स बांधू नका. बेसिनपासून शॉवरच्या काचेपर्यंत ११०० ते १२०० मिमी उंचीची, १५० मिमी जाडीची बुटकी भिंत सलग न्या. टाकी, गरम-गार पाण्याच्या लाइनी, बेसिनचा सांडपाण्याचा पाइप सगळे तिच्या पोटात जाते. काँक्रीटच्या भिंतीत झिऱ्या (पाइपांसाठी चर) मारायची वेळ येत नाही, जी तशीही मारू नये. वरची कड साबण, टॉवेल, कागदाचा रोल यांना फळीसारखी वापरता येते. वेगळी कपाटे लागत नाहीत आणि तीच कपाटे अरुंद खोलीत कोपराला लागत असतात. डोळ्यांच्या उंचीवर खोली पूर्ण रुंद राहते, कारण भिंत कमरेवरच संपते. बेसिन या भिंतीलाच टांगायचे असल्यामुळे तिथे बेसिनसह ४५० मिमी जातात आणि समोर ८९५ मिमी उरतात. उभे राहायला ते पुरेसे आहेत. फ्लशच्या पट्टीमागून टाकीतले भाग काढता यायला हवेत, एवढे फक्त बांधताना तपासा.

खोली टाइलपासून टाइलपर्यंत ११०० मिमीपेक्षा कमी असेल तर कमोड आडवा बसत नाही. तो टोकाच्या आखूड भिंतीला, दाराकडे तोंड करून लावावा लागतो आणि शॉवर मध्ये येतो. तिथे स्थिर काच नको. भिंतीला दुमडणारी काच किंवा साधा पडदा, आणि संपूर्ण फरशी ओली धरून वॉटरप्रूफिंग.

दाराचा विचार याच वेळी. आत उघडणारे ७०० मिमीचे दार तेवढ्या जागेत दुसरे काही ठेवू देत नाही. बाहेर उघडणारे किंवा सरकते दार घ्या. कुणाला आत चक्कर आली तरी ते उघडता येते, आत उघडणारे दार पडलेल्या माणसाला अडते. सरकत्या दारासाठी बाहेरच्या भिंतीवर दाराएवढी सलग जागा लागते, तिथे स्विचबोर्ड नको.

आराखडा पक्का करण्यापूर्वी फरशीवर खडूने आखून घ्या, कमोड आणि बेसिनच्या मापाचे पुठ्ठे ठेवा आणि त्यांच्यामधून चालून बघा. बसून, वाकून, टॉवेलने अंग पुसायचा हात फिरवूनही.

पाइप आणि वायर

शॉवरचा डायव्हर्टर (गरम-गार पाणी मिसळून शॉवरकडे वळवणारा नळ) फरशीपासून १००० ते ११०० मिमीवर, वरचा शॉवर २१०० मिमीच्या आसपास, बेसिनचे अँगल कॉक ५५० मिमीवर, बेसिनचा काठ ८०० ते ८५०. डायव्हर्टर शॉवरखाली लावायची सवय आहे. तो काचेजवळ, आत पाऊल न टाकता हात पोहोचेल असा लावला तर सुरुवातीचे गार पाणी अंगावर येत नाही.

सगळी मापे तयार फरशीच्या पातळीपासून घ्यायची असतात. ती पातळी भिंतीवर आधीच दोरीने मारून ठेवा. प्लंबरने जुन्या कोब्यावरून मोजले तर सगळे ५०-६० मिमी खाली जाते, आणि हे कळते टाइल लागल्यावर.

पाइप झाकण्याआधी सगळी तोंडे बंद करून पंपाने दाब द्या, नेहमीच्या दाबाच्या दीडपट, आणि काटा खाली येतो का ते पाहा. सॉल्व्हंटने चिकटवलेले पाइपांचे सांधे पूर्ण वाळल्याशिवाय ही चाचणी नको. नंतर मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. पुढे टॉवेलचा दांडा लावताना ड्रिल पाइपात जाणार नाही.

अरुंद खोलीत शॉवरपासून ६०० मिमीच्या पट्ट्यात बऱ्याच गोष्टी येतात. त्या भागातले दिवे किमान आयपीएक्स ४ दर्जाचे (पाण्याचे शिंतोडे सोसणारे) हवेत, स्विच बाहेर असावेत आणि सर्किटवर ३० मिलिअँपिअरचे आरसीडी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण) असावे.

पंख्याचा आकार घनफळावरून ठरतो. आपल्या खोलीचे घनफळ २.४ मीटर उंची धरून सुमारे ९ घनमीटर आहे. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर ताशी १०० घनमीटरचा पंखा पुरतो. तो शॉवरच्या टोकाला बसवा आणि दाराखाली १५-२० मिमी फट ठेवा. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो.

वॉटरप्रूफिंग आणि ढाळ

फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे मसाल्याचा गोलसर वाटा काढा, म्हणजे कोपऱ्याला गोलाई द्या. काटकोनात लावलेला वॉटरप्रूफिंगचा लेप तिथेच चिरतो. त्यावर लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती जाळीची पट्टी. भिंतीवर लेप सगळीकडे ३०० मिमीपर्यंत आणि शॉवरच्या तिन्ही भिंतींवर १८०० मिमीपर्यंत चढवा. अरुंद खोलीत पाणी समोरच्या भिंतीवर आपटतेच, त्यामुळे इथे कंजूषपणा नको. भिंतीत कोनाडा ठेवणार असाल तर त्याच्या आतही लेप हवा आणि त्याचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा. ९०-१०० मिमी खोल कोनाडा जाड विटेच्या भिंतीतच काढा. अर्ध्या विटेच्या भिंतीत तो पलीकडे निघतो.

लेप डब्यावर लिहिलेल्या मुदतीइतका वाळू द्या. मग नहाणी ट्रॅप (फरशीतले पाणी जाण्याचे तोंड) बंद करून २५ ते ५० मिमी पाणी भरा, पातळीची पेन्सिलने खूण करा आणि किमान २४ तास ठेवा. खालच्या छताला ओल आली तर आत्ता दुरुस्ती स्वस्तात होते.

ढाळ शॉवरमध्ये ६० ला १, कोरड्या भागात १०० ला १, दोन्ही ढाळ शॉवरच्या टोकाच्या भिंतीकडे. तिथे भिंतीलगत रुंदीभर लांबट जाळीचा ड्रेन बसवला तर फरशीला एकाच दिशेने उतार मिळतो : ९०० मिमीत १५ मिमी. चौकोनी जाळी मध्यावर असली की चारही बाजूंनी उतार काढावा लागतो, आणि मोठी टाइल त्यावर बसत नाही, कापून तिचे त्रिकोण करावे लागतात. ड्रेन काचेच्या रेषेत ठेवायचा मोह टाळा; केसांनी तुंबला की पाणी थेट कोरड्या भागात येते.

टाइल

फरशीच्या लांबट पट्ट्या रुंदीच्या दिशेने आडव्या टाका. लांबीच्या दिशेने लावल्या तर नजर सरळ टोकाला धावते आणि बोगदा आणखी लांब होतो. लांब भिंती फिकट, टोकाची भिंत एक-दोन छटा गडद ठेवली तर ती जवळ आल्यासारखी दिसते. ग्राउट (टाइलमधल्या सांध्यांत भरायचा मसाला) टाइलच्याच रंगाचा, सांधा २ मिमी. विरोधी रंगाचे ग्राउट म्हणजे भिंतीवर चौकटींचे जाळे, आणि भिंती तिरक्या असतील तर तो तिरकेपणाही उघडा.

गवंडी एका कोपऱ्यापासून सुरुवात करतो. तसे करू देऊ नका. १३४५ मिमीत ६०० च्या दोन टाइल बसल्यावर एका बाजूला १४० मिमीची पट्टी उरते आणि ती दारातूनच दिसते. मधोमध एक अख्खी आणि दोन्ही बाजूंना ३७० मिमी असे आखले की फरशी नीट दिसते. भिंती समांतर नसल्या तर वाकडी कापलेली कड बुटक्या भिंतीच्या बाजूला, कमोडमागे लपवा. चालायच्या बाजूची कड सरळ हवी.

शॉवरमध्ये आर ११, बाहेर किमान आर १० दर्जाची फरशी (हा न घसरण्याचा दर्जा; आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त). लेपावर टाइल सिमेंट-वाळूत नव्हे, अ‍ॅडहेसिव्हमध्येच बसवा आणि मोठ्या टाइलच्या पाठीलाही तो लावा. पोकळ राहिलेली टाइल पुढे तडकते.

आरसा, काच आणि शेवटचे सांधे

आरसा लांब भिंतीवर, बेसिनवरून जितका लांब जाईल तितका. टोकाच्या भिंतीवर आरसा नको. दिवाही छताच्या मधोमध एकच नको. लांब भिंतीलगत पट्टी लावून भिंत उजळली की रुंदी वाढल्यासारखी दिसते.

शॉवरची काच ८ किंवा १० मिमीची टफन्ड (तापवून कडक केलेली), प्रवेशासाठी ५५० ते ६०० मिमी मोकळे ठेवून. तिचे माप टाइल पूर्ण झाल्यावर, वर-मध्ये-खाली असे तीनदा घ्यायचे, कारण टफन्ड काच नंतर कापता येत नाही. खालची यू-चॅनेल फरशीला स्क्रूने नको, सिलिकॉनने चिकटवा. स्क्रू वॉटरप्रूफिंगला भोक पाडतो.

सिलिकॉन कोरड्या, पुसलेल्या पृष्ठभागावर आणि २४ तास पाणी न लावता. फरशीवर बसणारा कमोड असेल तर त्याच्या पायाभोवती सिलिकॉन भरताना मागची ५०-६० मिमी जागा उघडी सोडा. सांधा कधी गळलाच तर पाणी तिथून बाहेर दिसेल. पूर्ण बंद केले तर ते फरशीखाली मुरत राहील.