मुरगळलेल्या घोट्यासाठी पाण्यातलं चालणं-धावणं कसं सुरू करावं

सिंहगड उतरताना एका सुट्या दगडावरून माझा डावा पाय आत वळला आणि घरी पोहोचेपर्यंत घोटा टम्म सुजला. रोज सकाळी पळायला जाणारी मी, तीन आठवडे खुर्चीत बसून. तेव्हा फिजिओथेरपिस्टने तरण तलाव सुचवला, पोहण्यासाठी नाही, पाण्यात चालण्यासाठी. त्या वाटेवर मी ज्या क्रमाने गेले, तोच खाली देते आहे.

आधी हाड तपासून घ्या. मुरगळल्यानंतर त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंना वर आलेल्या हाडांच्या मागच्या कडेवर बोट दाबलं की कळ येत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा हाड शाबूत असतं आणि बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध (हाडांना हाडं बांधून ठेवणारे पट्टे, लिगामेंट) ताणले किंवा फाटलेले असतात. ताज्या मुरगळीवर कुणाकडून जोरात चोळून मात्र घेऊ नका. माझ्या ओळखीतल्या एकांनी मायेपोटी तेल लावून पाय रगडून दिला, आणि दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली होती.

पाण्यात उतरायची परवानगी डॉक्टरांकडूनच घ्या. "पायावर किती भार चालेल?" असं नेमकं विचारा. टाके ओले असतील किंवा जखम उघडी असेल तर तलाव वर्ज्य. प्लॅस्टर असेल तर प्रश्नच नाही.

तलाव बघून निवडा. लोखंडी शिडीपेक्षा कठडा असलेल्या रुंद पायऱ्या हव्यात, कारण शिडीच्या गोल दांड्यावर दुखरा घोटा डगमगतो. महापालिकेच्या तलावात सुट्टीतल्या मुलांची बॅच टाळा आणि जीवरक्षकाला आधीच सांगून ठेवा की पाय दुखावलेला आहे.

सुरुवात छातीभर पाण्यात, दहा मिनिटं, फक्त चालणं. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण निम्मा भार येतो, छातीपर्यंतच्या पाण्यात जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या पायांवर २० किलोच्या आसपास. जमिनीवर लंगडणारा माणूस इथे सरळ चालू शकतो, आणि ते सरळ चालणं परत शिकणं हाच पहिल्या आठवड्याचा व्यायाम. टाच आधी टेकवा, मग तळवा, मग बोटांनी जमीन मागे ढकला. बहुतेक जण पाण्यात चवड्यांवर उड्या मारत पुढे जातात. त्याने काहीच साधत नाही. एका हाताने काठ धरा, हळू चाला, नंतर उलटं चाला. आडवं चालणं दुसऱ्या आठवड्यापर्यंत राहू द्या, कारण त्यात घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर ताण येतो.

दोन आठवड्यांनी, फिजिओ हो म्हणाले तर, खोल पाण्यात धावणं. कमरेला तरंगणारा पट्टा बांधायचा, पाय तळाला लागू द्यायचे नाहीत आणि जागच्या जागी पळायचं. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. पाठ सरळ, किंचित पुढे झुकलेली. गुडघा वर, मग पाय खाली आणि मागे. हात कोपरात वाकवून पळताना हलवतो तसेच हलवा, हातांनी पाणी ओढायला लागलात तर ते पोहणं झालं. एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश, असे पाच फेरे पहिल्या दिवशी पुरे. पाण्यात नाडीचे ठोके जमिनीपेक्षा कमी पडतात, म्हणून मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका. सलग एक वाक्य बोलताना धाप लागते का, ते बघा. पोहता येत नसेल तर खोल पाण्यात जाऊच नका, छातीभर पाण्यात चालण्यानेही पाय सुधारतो. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ सध्या नको. त्यात पाऊल बाहेर वळवून पाणी ढकलावं लागतं.

बाहेर येताना थांबा. सगळ्यात धोक्याची जागा मला हीच वाटते. पाण्यात पाय बरा झाल्यासारखा वाटतो आणि पायरी चढताच सगळं वजन एकदम परत येतं. वरून फरशी ओली. शेवटच्या पायरीवर मिनिटभर बसा, रबरी तळाच्या चपला घाला, मग उठा. एकदा चपला लांब राहिल्या म्हणून मी अनवाणी कपडे बदलायला गेले आणि मागे वळून पाहिलं. उजव्या पावलाचा ठसा पूर्ण होता, डाव्याची फक्त बोटं आणि चवडा उमटलेला, टाच जवळजवळ नाहीच. आपण सरळ चालतोय असं मला वाटत होतं! त्यानंतर रोज, चपला घालण्यापूर्वी, कठडा धरून चार पावलं टाकायची आणि ठसे बघायचे, हा नेम केला.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालतं. पण पाण्यात दुखलं नाही म्हणजे जास्त झालं नाही, असं समजू नका. सकाळी उठल्या उठल्या शिवणकामाची टेप घोट्याभोवती, रोज त्याच जागी, गुंडाळून माप लिहा. आकडा कालच्यापेक्षा वाढलेला असेल किंवा पहिली पावलं जास्त आखडलेली असतील, तर दिवसभर विश्रांती आणि पुढच्या वेळी निम्मा व्यायाम. सगळं ठीक असेल तरच पाच मिनिटं वाढवा. आठवड्याला तीन दिवस पुरेत.

मग हळूहळू उथळ पाण्याकडे या. छातीवरून कमरेपर्यंत, तिथून जमिनीवर. कमरेइतक्या पाण्यात दुखऱ्या पायावर ३० सेकंद न डगमगता उभं राहता यायला लागलं की सपाट मैदानावर चालायला सुरुवात करा. माझा तो दिवस सहाव्या आठवड्यात आला. तलावाच्या फरशीवर डाव्या टाचेचा गोल ठसा पहिल्यांदा पूर्ण दिसला, त्याच संध्याकाळी मी मैदानाची एक फेरी चालत मारली.