वाचलेल्या पुस्तकांची नोंद कशी ठेवावी

वर्षभरात किती पुस्तकं झाली एवढंच सांगणारी यादी फारशी कामाची नाही. तीन वर्षांनी एखादा उतारा आठवला, तर तेच पुस्तक, तीच आवृत्ती आणि तेच पान हाती लागेल अशी नोंद हवी. नागपुरात वाचणाऱ्यांकडे पुस्तकं चहूकडून येतात. काही विभागीय ग्रंथालयातून, काही सीताबर्डीच्या बाजारात मिळालेली जुनी, काही दसऱ्याला दीक्षाभूमीवर लागणाऱ्या स्टॉलवरून, तर काही मित्राच्या कपाटातून. यातली बरीचशी वाचून झाल्यावर घरात राहत नाहीत. म्हणून नोंद नीट हवी.

१. आधी वही घ्या

दोनशे पानी लांब वही पुरते. शाईचं पेन नको, बॉलपेन वापरा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलर दिवसरात्र चालतो, त्याच्या ओलसर हवेत शाई फुटते. प्रत्येक पुस्तकाला अर्धं पान द्या. वहीची शेवटची दहा पानं कोरी सोडा, त्यांचं काम पुढे आहे.

२. पुस्तक हाती येताच वरचा भाग भरा

नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादकही, प्रकाशन आणि आवृत्तीचं वर्ष. हा मजकूर मुखपृष्ठावरून घेऊ नका, शीर्षकपानाच्या मागच्या बाजूवरून घ्या. आवृत्ती बदलली की पानांचे आकडे सरकतात, मग वर्षाशिवाय लिहिलेल्या ‘पान ११२’ला अर्थ उरत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, असेल तर तोही उतरवा. २००७ पासून तो तेरा अंकी आहे, त्याआधी दहा अंकी होता. जुन्या मराठी पुस्तकांवर तो बहुतेकदा नसतोच.

मालिकेतलं पुस्तक असेल तर खंड क्रमांक विसरू नका. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड अनेक नागपुरी घरांत आहेत. तिथे खंड क्रमांक नसेल, तर नोंद असूनही उतारा शोधताना सगळे खंड उपसावे लागतात.

पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर पाठीवरच्या चिठ्ठीवरचा वर्गांक, म्हणजे विषयवार मांडणीचा क्रमांक, लिहा. ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या ड्युई वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ खाली येतं. पूर्ण वर्गांक हाताशी असला की पुढच्या वेळी थेट त्या फळीपाशी जाता येतं.

३. वाचताना फक्त पान आणि चार शब्द

खरं काम इथे आहे, आणि बहुतेकांची नोंद इथेच गळते. पुस्तक संपल्यावर सविस्तर लिहू म्हटलं की ते राहूनच जातं. त्यापेक्षा पुस्तकात एक कागदाची पट्टी ठेवा आणि थांबावंसं वाटलं की तिथल्या तिथे टिपा. एका कथासंग्रहाची पट्टी अशी दिसेल:

पा. ३४ – विहिरीवरचं भांडण, बायकांची भाषा
पा. ७१ – बापाचं न बोलणं. पुन्हा वाचायचं
पा. ११२ – शेवट पटला नाही. मुलगी परत का येते?

पुस्तक मिटलं त्याच दिवशी पट्टी वहीत उतरवा आणि खाली दोन वाक्यं स्वतःची लिहा. कथानकाचा सारांश नको, तो कुठेही मिळतो. पुस्तकाने तुमचं कोणतं मत हलवलं, कुठे कंटाळा आला, हे फक्त तुम्हालाच लिहिता येतं. ‘छान आहे’, ‘अप्रतिम’ असले शेरे टाळा, वर्षभराने त्यांतून काहीच कळत नाही.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचीही नोंद करा. कोणत्या पानावर सोडलं आणि का, एवढं पुरे.

४. शोधण्यासाठी फोन

वहीत शोधणं कठीण, म्हणून फोनवरच्या एका स्प्रेडशीटमध्ये नाव, लेखक, विषय आणि वहीचा पान क्रमांक एवढंच भरा. लेखकाचं नाव एकाच पद्धतीने लिहा: आडनाव आधी, मग नाव. एकदा ‘पु.’, एकदा पूर्ण नाव असं झालं की शोध अर्धाच लागतो.

गुडरीड्ससारखं वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवणारं अॅप वापरायला हरकत नाही, पण मराठी पुस्तकं तिथे कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत सापडतात, कधी सापडतच नाहीत. नसेल तर आपली वही आणि स्प्रेडशीट आहेच. अधूनमधून आपली यादी सीएसव्ही फाइल (कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी फाइल) म्हणून उतरवून ठेवा, अॅप बदललं तरी ती हाती राहते.

५. शेवटची दहा पानं

इथे उसनवारी लिहायची. कुणाला दिलं, कधी दिलं, आणि कुणाचं आपल्याकडे आहे. आठवण करून द्यायचा संकोच वाटत असेल तर देतानाच समोरच्याला नाव लिहिताना दिसू द्या, पुष्कळ पुस्तकं तेवढ्यानेच परत येतात. परत आल्यावर ओळीवर एकच रेघ मारा, मजकूर वाचता यायला हवा. कुणी काय मागून नेलं होतं हे त्याला पुढचं पुस्तक सुचवताना उपयोगी पडतं.