पावसात पेंटबॉल: मार्करआधी गोळ्या झाका

पाऊस आला की सगळे मार्करला, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीला, प्लास्टिक गुंडाळत बसतात आणि गोळ्यांची पिशवी बाजूला उघडीच पडलेली असते, खरं तर उलट पाहिजे. रंग भरलेल्या गोळीचं कवच असतं जिलेटिनचं, औषधाच्या कॅप्सूलसारखंच, आणि जिलेटिन पाणी ओढून घेतं. 0.68 इंचाची म्हणजे साधारण 17 मिमीची ती गोळी, जरा ओल लागली तरी फुगते, मऊ पडते, मग बॅरलमध्ये अडकते नाहीतर आतच फुटते.

आणि त्यासाठी पाऊस थेट पडायलाच हवा असं नाही. मी एकदा ओल्या ग्लोव्हनेच पॉड (जादा गोळ्यांची नळी) भरला, झाकण एकदम घट्ट लावलं, अर्ध्या तासाने उघडलं तर तळाच्या चार-पाच गोळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या, बोटांना चिकचिक. म्हटलं जाऊदे, बोटाने सोडवून हॉपरमध्ये, म्हणजे मार्करवरच्या गोळ्यांच्या डब्यात, ओतल्या, आणि नंतर सगळा गेम बॅरल पुसायची स्क्वीजी फिरवण्यात गेला.

म्हणून पॉड छपराखाली, कोरड्या हातांनी भरायचे. एक छोटा टॉवेल झिपच्या पिशवीत ठेवा, तो फक्त हात पुसायला, त्याने बॅरल पुसू नका. हॉपरला स्पीड फीड (झटपट भरायला झाकणाऐवजी लावलेलं लवचिक पाकळ्यांचं तोंड) असेल तर काढून साधं झाकण लावा, त्या फटींतून पाणी आरामात आत जातं. मैदानात रीलोड करताना पावसाकडे पाठ करून हॉपरवर वाका. थांबलेले असाल तेव्हा बॅरल कव्हर लावून तोंड खाली, कारण आत पाण्याचे थेंब असले की गोळी कुठेही वळते. फुगलेली गोळी वाळवून काही उपयोग नाही, ती परत गोल होत नाही, फेकून द्या.

मेकॅनिकल किंवा पंप मार्कर असेल तर अशा दिवशी सरळ तोच न्या. इलेक्ट्रॉनिकमध्ये बोर्ड आणि बॅटरीचं टेन्शन, शिवाय आइजवर, म्हणजे आतली गोळी ओळखणाऱ्या सेन्सरवर, थेंब बसला की मार्कर गोंधळतो. मास्कची लेन्स धुकटली तर आधी सेफ झोनमध्ये जा, मैदानात मास्क वर करायचा नाही म्हणजे नाही. आणि थर्मल लेन्स पाण्यात बुडवून धुऊ नका, दोन थरांच्या मधे पाणी शिरलं की लेन्स गेलीच समजा.

घरी आलात की दमलात तरी बॅग तशीच बंद ठेवून झोपू नका. टँक काढा, उरलेला गॅस सुरक्षित दिशेला फायर करून सोडा, मगच मार्कर खोला. मार्कर आणि हॉपर दोन्हींच्या बॅटऱ्या बाहेर, सगळं पुसून रात्रभर हवेवर, हेअर ड्रायर वगैरे नको. मग ओ-रिंगला, म्हणजे आतल्या रबरी सीलला, कंपनीने सांगितलेलं ग्रीस किंवा तेल, घरात पडलेला कुठलाही स्प्रे नाही. एअर टँकच्या फिल निपलला (हवा भरायच्या तोंडाला) मात्र तेलाचा थेंबही नको, हाय प्रेशर हवेत तेल पेट घेऊ शकतं.

उरलेल्या कोरड्या गोळ्या हवाबंद पिशवीत, घरातल्या नेहमीच्या तापमानाला, फ्रिजमध्ये नाही. पिशवी अधूनमधून उलटी करत जा, नाहीतर खालच्या चपट्या होतात.